वळवाआधी जनावरे गोठ्यात आणा

चैत्र-वैशाखात दुपार कलली की आभाळ भरते, वावटळ उठते आणि वळीव कोसळतो. त्या घाईत पुष्कळजण बैलजोडी बांधावरच्या झाडाखाली बांधतात. हे टाळा. झाडावर पडलेली वीज जमिनीतून चहूकडे पसरते. जनावराच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून प्रवाह अंगातून आरपार जातो. पेरणीच्या तोंडावर जोडी गेली, तर हंगामच अडतो.

आभाळ काळवंडताच गुरे सोडून घराकडे हाका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप मोबाइलवर विजेची सूचना देते. वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती १० किलोमीटरच्या आत आहे असे समजा. अशा वेळी कोणीही, विशेषतः मुलाबाळांनी, गुरे आणायला रानात जाऊ नये.

गोठ्याचे पत्रे आजच आवळून घ्या. दावणीची जनावरे लोखंडी खांबाला बांधू नका. रानात अडकलात, तर झाड व तारेचे कुंपण सोडून गुरे सखल जागी मोकळी सोडा. दावे तुटले तर नवे मिळेल, जीव मिळत नाही.