मोबाइलमधली शाळा आणि आपली बैठक



गेल्या काही महिन्यांत वेगवेगळ्या गटांकडून एकच विचारणा होते आहे. 'ताई, मोबाइलवर आरोग्याचे, मानसशास्त्राचे, समाजशास्त्राचे फुकट कोर्स आहेत म्हणे. आमच्या कार्यकर्तींनी करावेत का?'

करावेत, असेच मी म्हणते. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत एका पुस्तकातली चार पाने झेरॉक्स करून घ्यायला आम्ही रांग लावायचो. आज केंद्र सरकारच्या २०१७ साली सुरू झालेल्या 'स्वयम्'वर विद्यापीठांतल्या प्राध्यापकांची व्याख्याने घरी बसून ऐकता येतात. पैसे पडतात ते परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायचे असेल तर. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा मानसिक प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम मी रात्रीची भांडी आवरून झाल्यावर, रोज थोडा थोडा करत पूर्ण केला. समोरची बाई कोलमडलेली असताना आधी नीट ऐकायचे, निकडीचे काय ते ओळखायचे, धीर द्यायचा आणि पुढच्या मदतीशी जोडून द्यायचे, हा क्रम आपल्या मदत केंद्रांत अनुभवी कार्यकर्ती वर्षानुवर्षे पाळत आल्या आहेत. त्याला शास्त्राचा आधार आहे हे कळल्याने बळ येते.

पण ही शाळा कोणाच्या हातात आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ३३.३ टक्के स्त्रियांनी इंटरनेट कधी ना कधी वापरल्याचे सांगितले, पुरुषांमध्ये हे प्रमाण ५७.१ टक्के होते. स्वतःला वापरता येईल असा मोबाइल ५४ टक्के स्त्रियांकडे होता. म्हणजे जवळजवळ निम्म्या जणींचा फोन नवऱ्याचा, मुलाचा नाहीतर घरातल्या सगळ्यांचा. अंगावरून पांढरे जाण्याविषयी तिने त्यात काही शोधले, तर संध्याकाळी ते दिराला दिसणार. त्यातून बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीत, आणि शिकायचे कधी तर सगळे घर झोपल्यावर! शुल्क नाही म्हणून शिक्षण फुकट होत नाही. ते तिच्या झोपेतून वसूल होते.

आता त्या धड्यांत काय आहे तेही पाहू. हेनरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवून दिले की मानसशास्त्राच्या नामांकित नियतकालिकांतल्या संशोधनात ज्यांच्यावर प्रयोग झाले त्यांतले ९६ टक्के लोक जगाच्या फक्त १२ टक्के लोकसंख्येच्या, मुख्यतः पाश्चात्त्य, देशांतले होते. याच संशोधनातून 'माणसाचे मन असे असते' हे ठरते आणि धडा होऊन आपल्या फोनमध्ये येते. येल विद्यापीठाचा सुखाविषयीचा अभ्यासक्रम २०१८ पासून जगभर लाखो लोकांनी घेतला. पुरेशी झोप, व्यायाम, कृतज्ञतेची नोंद ठेवणे हे त्यातले सल्ले वाईट नाहीत. पण मार खाऊन आलेल्या बाईच्या हातात आपण कृतज्ञतेची वही देणार का? तिच्या दुःखाचे कारण घरात आणि समाजात आहे. ते तिच्या मनात ढकलून देणारे शास्त्र कितीही गोड बोलले तरी आपल्या कामाचे नाही.

बीडचे उदाहरण घ्या. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. या बायकांपर्यंत माहिती पोहोचायलाच हवी. पांढरे जाते, पाळीत जास्त रक्त जाते एवढ्यावरून पिशवी काढावी लागत नाही. आधी तपासणी, औषधोपचार आणि शक्य तर दुसऱ्या डॉक्टरचे मत. अंडाशयेही काढली तर पाळी जाण्याच्या वयाचे सगळे त्रास लगेच मागे लागतात आणि हाडे ठिसूळ होतात. हे दहा मिनिटांत मराठीतून सांगता येईल. पण पाळीच्या दिवसांत कामावर गेले नाही तर मुकादम खाडा लावतो, फडात संडास नाही, पाणी नाही, आणि उचल फिटेपर्यंत सुटका नाही. धडा ऐकून खाडा माफ होत नाही. आरोग्य शिक्षण आणि मजुरीचा लढा वेगळे काढून चालणार नाही, असे मला वाटते ते यामुळेच.

आणि ज्ञान नेहमी वरूनच खाली येते असेही नाही. बोस्टनमध्ये काही जणी १९६९ साली डॉक्टरांच्या वागण्याला कंटाळून एकत्र बसल्या, आपल्या शरीराविषयी स्वतः शोधू लागल्या, आणि १९७० साली त्यातून निघालेली स्वस्त पुस्तिका पुढे जगभर गेली. आपल्याकडे राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि पूर्वी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आल्यावर स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच, ही समजूत हलली. जगाला हे शिकवले ते खेड्यातल्या बायकांनी.

म्हणून माझे सांगणे असे की कोर्स एकटीने करू नका. बैठकीत एक फोन मध्ये ठेवा, दहा मिनिटे ऐका आणि थांबवा. ज्या मैत्रिणीला इंग्रजी येते तिने बोलीत सांगावे, आणि सगळ्यांना विचारावे, 'आपल्याकडे असे असते का?' खरा तास तिथून सुरू होतो.

एक खटकणारी गोष्टही सांगते. निधी देणारे आता प्रमाणपत्रे मागतात. वीस वर्षे पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवलेली कार्यकर्ती मागे बसते आणि चार आठवड्यांचा कोर्स केलेली मुलगी 'समुपदेशक' म्हणून खुर्चीवर. त्या मुलीवर माझा राग नाही. पण प्रथमोपचार शिकलेल्या व्यक्तीने उपचार करू नयेत. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कोणी करत असेल तर तिला एकटी सोडू नका, टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावा आणि डॉक्टरांकडे न्या.

फुकट आहे ते कायम फुकट राहील, असेही धरू नका. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी २०१२ साली ना-नफा म्हणून उभारलेली 'एडएक्स' २०२१ साली ८० कोटी डॉलरला एका कंपनीकडे गेली. मराठीत, नुसते ऐकून कळतील असे, कमी डेटात उतरवून घेता येतील असे धडे सरकारी पैशातून व्हावेत, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तुमच्या बैठकीत कोणता धडा ऐकला, कुठे अडला, कोणत्या प्रश्नाला त्यात उत्तरच नव्हते, ते पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा. लिहिता येत नसेल तर बोलून रेकॉर्ड करून पाठवा, आम्ही उतरवून घेऊ.