आधी तपासणी, मग एन्ट्री!

परदेशातून येणारं जहाज पिवळा बावटा लावतं. अर्थ असा, ‘आमच्याकडे सगळे ठणठणीत, बंदरात घ्या!’ आरोग्य खात्याचा होकार मिळाला की मगच प्रवेश.

उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात मात्र २७ जून २०१७ ला रोग शिरला तो नेटवर्कमधून. युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलेला ‘नॉटपेट्या’ मर्स्क कंपनीच्या जगभरच्या कम्प्युटरमध्ये पसरला आणि त्याच समूहाचं इथलं ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ ठप्प झालं.

यावरचा उतारा कॉलेजच्या हॉस्टेलांना आधीपासून माहीत होता, बरं का!

ऑगस्ट २००३. अमेरिकेतली हॉस्टेलं पुन्हा भरायची वेळ आणि नेमका तेव्हाच ‘ब्लास्टर’ सुटला. मेल उघडायला नको, क्लिक करायला नको. पॅच नसलेला विंडोज कम्प्युटर नेटला जोडला की खेळ खल्लास! स्क्रीनवर ६० सेकंदांची उलटी मोजणी आणि मशीन बंद. पंचाईत पुढेच होती. पॅच उतरवायला नेट हवं, आणि नेटवर गेलं की पुन्हा लागण!

मग कॉलेजांनी बंदराचाच फंडा उचलला. मुलांचा कम्प्युटर आधी वेगळ्या नेटवर्कवर. तिथून फक्त अपडेट आणि अँटिव्हायरस मिळणार. स्कॅन स्वच्छ आला की बाकीचं नेटवर्क खुलं. शिवाय हॉस्टेलचं नेटवर्क वेगळं, ऑफिसचं वेगळं. एक विंग आजारी पडली म्हणून अख्खं कॉलेज अंथरुणाला खिळायला नको.

या आतल्या भिंती फार महत्त्वाच्या. कारण नॉटपेट्या ज्या फटीतून घुसायचा, त्यातल्या एकीचा पॅच मार्च २०१७ मध्येच आला होता. पण एकदा आत शिरला की तो मशीनमधले पासवर्ड उचलायचा आणि पॅच मारलेल्या शेजाऱ्याकडेही पोचायचा. म्हणजे एकट्या अपडेटनं भागत नाही, आणि अपडेटशिवाय तर नाहीच नाही.

तेव्हा ऑफिसातला आयटीवाला तुमचा घरचा लॅपटॉप ‘गेस्ट’ वाय-फायवर ढकलतो, अ‍ॅडमिन पासवर्ड देत नाही, ऐन कामात रिस्टार्ट करायला लावतो, तेव्हा त्याच्यावर उखडू नका. रिस्टार्टला पाच-दहा मिनिटं जातात. मर्स्कला ४५ हजार पीसी आणि ४ हजार सर्व्हर नव्यानं उभे करायला दहा दिवस लागले होते!