गाळातले श्वास

कालिंदी कुंजच्या पुलावरून नोएडात ये-जा करणाऱ्या आपल्या वाचकांना यमुनेवरचा फेस परिचयाचा आहे. या अंकात आम्ही त्याखालच्या काळ्या गाळाकडे वळलो आहोत.

अशा गाळात बोटभर खाली ऑक्सिजन उरत नाही, तरी जिवाणू जगतात. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन ते ऑक्सिजनऐवजी लोहखनिजाला देऊन टाकतात. घन खनिज पेशीत शिरत नाही, म्हणून इलेक्ट्रॉनच बाहेर पोचवावे लागतात. असाच एक जिवाणू, ‘जिओबॅक्टर’, डेरेक लव्हली यांना १९८७ मध्ये अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळात सापडला. पुढे २०१९ मध्ये येल विद्यापीठातले निखिल मालवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन बाहेर वाहून नेणाऱ्या त्याच्या तारांची रचना उलगडली. केसाहून हजारो पटींनी बारीक अशा या प्रथिनांच्या तारा. त्यांच्यात हीमचे रेणू ओळीने रचलेले असतात, तेच हीम जे आपल्या रक्ताला लाल रंग देते!

अशा जिवाणूंच्या मदतीने सांडपाण्यातून वीज काढण्याच्या प्रयोगांवर लेख आहेच. ती वीज अजून फार थोडी आहे, हे आम्ही स्पष्टच सांगतो. आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटला तो भूजलावरचा लेख. जिवाणूंनी लोहखनिज विरघळवले की त्याला चिकटलेले आर्सेनिक पाण्यात उतरते, आणि गंगेच्या खोऱ्यातली असंख्य कुटुंबे तेच पाणी पितात.

तुमच्या बोअरचे पाणी स्वच्छ येऊन बादलीत तासाभराने विरघळलेल्या लोहामुळे तांबूस होते का? गावाच्या नावासह आम्हाला जरूर कळवा.