राजवाडे, वाळू आणि पाणी

सुटींत सहकुटुंब राजस्थानास जाण्याचा प्रघात आपल्याकडे आतां चांगलाच रूढ झाला आहे. ही गोष्ट स्तुत्य होय. परंतु राजवाड्यापुढें छायाचित्र घेतलें आणि वाळूंत उंटावर बसलों, एवढ्यानें प्रवास सार्थकीं लागत नाहीं, असें आमचें मत आहे.

जोधपूरचें उमेदभवन पाहून मनुष्य थक्क होतो. महाराजा उमेदसिंहांच्या या वाड्याचें काम १९२९ मध्यें सुरू होऊन १९४३ मध्यें संपलें. दुष्काळानें गांजलेल्या रयतेस काम मिळावें, हा त्यांतील एक मोठा हेतु होता. हें ज्यास ठाऊक आहे, त्यास त्या दगडांमागें राबणारे हातही दिसतील.

जेसलमीर तर भर वाळवंटांत. इ. स. ११५६ मध्यें वसलेलें हें नगर शतकानुशतकें जगलें, तें मुख्यतः गडीसर तलावांत साठविलेल्या पावसाच्या पाण्यावर. आसपासचे पालीवाल शेतकरी सखल जमिनीस बांध घालून पाणी अडवीत आणि तें मुरल्यावर त्याच ओलीवर गहूं-हरभरा पिकवीत; अशा शेतास तेथें 'खडीन' म्हणतात. सम गांवाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवरून सूर्यास्त अवश्य पाहावा. पण त्यापूर्वीं हा तलाव पाहावा.

वाडा कोणाचा, हें वाटाड्या सांगतोच. तो बांधतांना राबलें कोण आणि येथें पाणी कोठून येई, हें विचारावयास पालकांनीं मुलांस शिकवावें. असें विचारणारें मूल घरीं परतल्यावर नळ उघडा टाकणार नाहीं.