सांधा मोफत, चालणे विकत

शस्त्रक्रियेआधी रुग्णाची प्रकृती तपासून ‘फिटनेस’ देण्याचे काम आम्हा फिजिशियनांचे. रक्तदाब, साखर, ईसीजी पाहून सही केली की रुग्ण अस्थिरोग विभागाचा होतो. तीन-चार महिन्यांनी तो मधुमेहाच्या ओपीडीत परत येतो, तेव्हा हल्ली मी साखरेचा कागद नंतर आणि त्याची चाल आधी पाहतो.

गेल्या वर्षी अशाच एक सदुसष्ट वर्षांच्या आजी आल्या. गुडघ्याचा सांधा बदललेला, जखम स्वच्छ भरलेली, एक्स-रे विद्यार्थ्यांना दाखवावा असा. पण गुडघा सत्तर अंशांपुढे वाकत नव्हता. खुर्चीतून उठायलाही कोणाचा तरी हात लागत होता. व्यायाम का केला नाही, असे मी जरा चढ्या आवाजातच विचारले. त्या म्हणाल्या, “व्यायामवाले दोनदा घरी आले. खेपेला पाचशे रुपये. मग मीच लेकाला म्हटलं, राहू दे.”

कृत्रिम सांध्याच्या किमतीचा प्रश्न आपल्याकडे बऱ्याच अंशी सुटला आहे. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. दीड लाखाच्या वर विकला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा जीएसटी वगळून सुमारे 55 हजारांवर आला. पुढे सरकारी योजनांनी पात्र कुटुंबांची शस्त्रक्रियाही मोफत केली. हे मोठे काम झाले, याबद्दल वाद नाही. पण ‘आयुष्मान भारत’मध्ये डिस्चार्जनंतरचा खर्च धरला जातो तो 15 दिवसांचा. टाके निघतात साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे गुडघ्याची खरी मेहनत सुरू होते, तेव्हा योजना संपलेली असते.

नव्या सांध्याभोवतीची ऊती भरून येताना घट्ट होत जाते. पहिल्या सहा ते बारा आठवड्यांत गुडघा पुरेसा वाकला आणि पूर्ण सरळ झाला नाही, तर नंतर तो दाद देत नाही. मग भूल देऊन वाकवावा लागतो. तेही फार उशीर झाला नसेल तर. जिना उतरायला नव्वद अंशांच्या आसपास वाक लागतो, खुर्चीतून सहज उठायला त्याहून थोडा जास्त.

आता हिशेब मांडू. आठवड्याला तीन खेपा, सहा आठवडे, खेपेला पाचशे रुपये: नऊ हजार. वॉकर आणि कमोड खुर्ची वेगळी, कारण भारतीय पद्धतीच्या संडासावर बसता येत नाही. तपासणीला जाताना एसटीत ज्येष्ठांना आणि महिलांना सवलत आहे, पंचाहत्तरीपुढे तर प्रवासच मोफत. पण तीन आठवड्यांच्या गुडघ्याने एसटीची पायरी चढून दाखवा! गाडीच करावी लागते. आणि जो खर्च कोणीच लिहून ठेवत नाही तो सुनेच्या किंवा लेकीच्या बुडालेल्या मजुरीचा. खुब्याचे हाड मोडून सांधा बदलावा लागला, तर पैसे जमवायलाही उसंत मिळत नाही. सकाळी मोरीत पाय घसरतो आणि आठवडाभरात घर रुग्णालयात असते.

खासगी विमा असलेल्यांनीही निर्धास्त राहू नये. अनेक पॉलिसींत डिस्चार्जनंतर 60 दिवसांचा खर्च मिळतो; पण घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे बिल त्यात बसते का, हे शस्त्रक्रियेआधी लेखी विचारून घ्यावे.

काही खर्च मात्र टाळता येतो. गुडघा आपोआप वाकवणारे यंत्र भाड्याने आणणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. त्याचा म्हणावा असा फायदा अभ्यासांत दिसलेला नाही. ते पैसे माणसाच्या हातांवर खर्च करावेत. खुब्याच्या बऱ्याच रुग्णांना नीट शिकवलेला घरचा व्यायाम आणि रोजचे चालणे पुरते. प्रश्न शिकवण्याचा आहे, आणि तिथे आम्ही सरकारी डॉक्टर कमी पडतो. डिस्चार्जच्या कागदावर ‘फिजिओथेरपी करावी’ एवढे लिहून आम्ही मोकळे होतो. कुठे, कोणाकडे, किती दिवस, हे लिहीत नाही. सांभाळणाऱ्या सुनेला वॉर्डात दोन दिवस उभे करून व्यायाम करवून घेतला, तर निम्मे काम तिथेच होईल.

उरलेले निम्मे सरकारचे आहे. मोफत शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्ये पुढच्या तीन महिन्यांतली किमान बारा फिजिओथेरपी सत्रे धरावीत आणि ती तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मिळावीत. त्यासाठी तिथे आठवड्यातून दोन दिवस तरी फिजिओथेरपिस्ट हवा. पॅकेजच्या रकमेचा थोडा भाग तिसऱ्या महिन्याच्या तपासणीनंतरच रुग्णालयाला द्यावा. मग रुग्ण चालतो का, याची चौकशी आपोआप होईल. खर्च वाढेल, हे खरे. पण न वाकणाऱ्या गुडघ्यासाठी सरकारने एकदा पैसे मोजलेलेच आहेत.

65 वर्षांवरील गरजू ज्येष्ठांना ‘मुख्यमंत्री वयोश्री’ योजनेत साधनांसाठी एकदाच 3 हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. वॉकर, कमोड खुर्ची त्यात बसतात. आमच्या आजींना हे कोणी सांगितलेच नव्हते, मीसुद्धा.

त्यांचा गुडघा नंतर भूल देऊन वाकवला. आता तो शंभरापर्यंत जातो. दुसरा गुडघाही झिजला आहे. परवा फिटनेससाठी आल्या, तेव्हा तारीख सुगीनंतरची मागून घेतली. तेव्हा सून घरी असते म्हणाल्या.