बंदुकीचा दस्ता आणि जवसाचे तेल

पीक राखणीसाठी परवान्याची बंदूक बाळगणारे पुष्कळ शेतकरी बंधू आमच्या वाचकांत आहेत. रानडुकरांचा कळप एका रात्रीत भुईमुगाची वा भाताची कशी दैना करितो हे त्यांस आम्ही नव्याने सांगण्याची गरज नाही. बंदुकीच्या नळीची निगा बहुतेक जण राखतात, कारण गंज डोळ्यांस दिसतो. दस्त्याच्या लाकडाकडे मात्र ते काळवंडून, पांढरे पडून अथवा चिरून गेल्यावरच लक्ष जाते. आणि मग घाईने जो उपाय केला जातो तो मूळ रोगाहून वाईट ठरतो, असे आमचे मत झाले आहे.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांची गोष्ट सांगतो. आजोबांपासून चालत आलेली त्यांची दुनळी, अक्रोडाच्या दस्त्याची, पकडीवर बारीक चौकड्यांचे कोरीव काम असलेली होती. दस्ता मळकट दिसतो म्हणून त्यांनी तो उतरवून घेतला व घरच्या कपाटांचे काम करणाऱ्या कारागिराच्या सल्ल्याने यंत्राने घासून त्यावर पॉलीयुरेथेनचे चकचकीत लुकण चढविले. दस्ता आरशासारखा झाला खरा. परंतु जोडणी करून पाहतात तो लाकूड लोखंडाच्या पातळीहून खाली गेलेले, पकडीवरील चौकड्या निम्म्या झिजलेल्या व उरलेल्या लुकणाने बुजलेल्या. पावसाच्या रात्री ओल्या हातातून बंदूक निसटू लागली. दुसऱ्या वर्षी लुकणाला एक टवका गेला, तेथून पाणी आत शिरले आणि टवक्याभोवती पांढरा डाग पसरला. घासून गेलेले लाकूड काही केल्या परत येत नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही की दस्ता घासावयाचाच झाला तर शक्य तितका कमी घासावा. जुना मळ स्पिरिटने किंवा टर्पेंटाइनने व जाड फडक्याने पुष्कळसा निघतो. पोचा आला असेल तर तो घासून सपाट करू नये. ओले फडके त्यावर ठेवून गरम इस्त्री क्षणभर टेकवावी, म्हणजे वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. दोन-चार वेळा असे केल्यास तंतू तुटलेले नसतील तर पोचा बहुधा नाहीसा होतो. लोखंडालगतच्या कडांस व चौकड्यांस पॉलिश पेपर लावूच नये. चौकड्यांत जुना दातांचा ब्रश पुरे.

नळीला व चापाच्या यंत्राला घातलेले तेल वर्षानुवर्षे झिरपून दस्त्याच्या गळ्याशी मुरते व लाकूड काळे, मऊ होते. हे खनिज तेल कधीच सुकत नाही, आणि त्यावर कोणतेही रोगण धरत नाही. खडूची बारीक पूड स्पिरिटात कालवून तिचा लेप तेथे द्यावा. वाळला की तो तेल ओढून घेतो. पूड पिवळी पडेनाशी होईपर्यंत लेप पुन्हा पुन्हा द्यावा. बार उडताना धक्का नेमका याच ठिकाणी बसतो. येथले लाकूड नरम राहिले तर दस्ता फाटतो.

आता कोणते रोगण लावावे हा मुख्य प्रश्न. खोबरेल, शेंगदाणा, मोहरी ही घरची तेले लावणारे लोक आम्ही पाहिले आहेत. ही तेले लाकडात चिकट राहतात, धूळ धरतात व शेवटी खवट होतात. जवसाच्या तेलाचा गुण निराळा. ते हवेतील प्राणवायू शोषून घेऊन हळूहळू घट्ट होते, म्हणजे पाण्यासारखे उडून जात नाही, लाकडातच गोठते. ब्रिटिश लष्कराच्या ली-एन्फील्ड रायफलींचे दस्ते याच तेलाने राखले जात. विदर्भात व मराठवाड्यात जवस आपल्याच शेतात पिकते, हे आणखी एक सोयीचे. घाणीचे कच्चे तेल वापरावयाचे तर गाळ खाली बसू देऊन वरचे नितळ तेवढे घ्यावे. त्याला सुकण्यास कित्येक दिवस लागतात. बाजारात बेलतेल म्हणून मिळते ते उकळलेले तेल. त्यात सुकविणारी धातूंची क्षारे मिसळलेली असल्याने ते एक-दोन दिवसांत धरते. ते खाण्याच्या कामी चुकूनही येऊ देऊ नये.

लाखेचे पॉलिश, म्हणजे चपडा लाख स्पिरिटात विरघळवून लावलेले, दिसावयास सर्वांत देखणे. दिवाणखान्यातील खुर्चीस ते शोभते. बंदुकीवर मात्र पाण्याचा थेंब राहिला की पांढरा डाग, आणि उन्हात तापली की बोटांचे ठसे, असा प्रकार होतो.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जवसाचे तेल हवेतील दमटपणास फारसे अडवीत नाही. अमेरिकेतील मॅडिसन येथील वन-उत्पादन प्रयोगशाळेने निरनिराळी रोगणे तपासून पाहिली, तेव्हा ओल रोखण्याच्या कामी हे तेल अगदी खालच्या पायरीवर आले व पॉलीयुरेथेनसारखी घट्ट लुकणे पुष्कळ वरची ठरली. मग आम्ही तेलाचा पक्ष का घेतो? याचे कारण असे की शेतकऱ्याची बंदूक काचेच्या कपाटात राहात नाही. ती माचाणावर, बांधावर, बैलगाडीत वा मोटारसायकलवर फिरते आणि तिला ओरखडे पडणारच. लुकणाला ओरखडा पडला तर ते सर्व खरवडून नव्याने चढवावे लागते, म्हणजे पुन्हा घासणे आले व लाकूड कमी होणे आले. तेलाला ओरखडा पडला तर बोटभर तेल चोळले की काम भागते. तीस-चाळीस वर्षांचा हिशेब केला असता कोणत्या दस्त्याचे लाकूड शाबूत राहील हे उघड आहे.

तथापि कोकणातील बंधूंस आम्ही निव्वळ तेलाचा आग्रह धरणार नाही. चार महिने जेथे कपड्यांस बुरशी येते तेथे चांगले तेली व्हार्निश, बेलतेल व टर्पेंटाइन समभाग मिसळून तेच फडक्याने लाकडात चोळावे व वर राहिलेले पुसून टाकावे. याने पृष्ठावर जाड पापुद्रा राहात नाही, दुरुस्तीही सोपी राहते आणि ओलीस तेलापेक्षा अधिक अडसर होतो. देशावर मात्र साधे तेल पुरेसे आहे.

लावण्याची रीत सांगावयाची तर तिचे सार एवढेच की थोडे लावावे व सर्व पुसावे. प्रथम दस्ता ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावा. त्याने उभे राहिलेले तंतू बारीक पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने हलकेच काढावेत. पहिला हात टर्पेंटाइनने पातळ केलेल्या तेलाचा द्यावा, पुढचे नुसत्या तेलाचे. तळहाताने ऊब येईपर्यंत चोळून पाव तासाने वरचे सर्व तेल कोरड्या फडक्याने काढावे. पुसले नाही तर चिकट थर बसतो व तो महिनोन्महिने जात नाही. तेल वाईट म्हणून जी ओरड होते ती बहुधा या आळसाचीच असते. मागील हात पुरा सुकल्यावाचून पुढचा देऊ नये. आठवडाभर रोज, महिनाभर आठवड्याने, वर्षभर महिन्याने आणि पुढे वर्षातून एकदा, अशी इंग्रज कारागिरांची जुनी वहिवाट आहे. ती कच्च्या तेलास जरा घाईची, पण बेलतेलास बरोबर आहे. दस्त्याच्या टोकाशी पट्टीखाली व आत, जेथे लाकूड आडवे कापलेले असते, तेथून पाणी सर्वांत जास्त शिरते. तेथे एक-दोन हात अवश्य द्यावेत. दस्ता गावी घडविलेल्या सागाचा वा शिसवीचा असेल तर त्या लाकडातील नैसर्गिक द्रव्ये तेलास सुकू देत नाहीत; म्हणून आधी स्पिरिटने चांगला पुसून लगेच तेल लावावे व धीर धरावा.

तेलाची फडकी ही मोठी जोखमीची वस्तू होय. जवसाचे तेल घट्ट होताना उष्णता सोडते, आणि बोळा करून कोपऱ्यात टाकलेले फडके ठिणगीवाचून आपोआप पेट घेते. शेतघरात शेजारीच कडबा रचलेला असतो हे ध्यानात ठेवावे. फडकी पाण्यात बुडवून ठेवावीत किंवा दगडी भिंतीवर एकेरी पसरून कडक वाळू द्यावीत.

काम सुरू करण्यापूर्वी बंदूक रिकामी असल्याची स्वतः दोनदा खात्री करावी व काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. दुनळीचा दस्ता उतरविण्यास बेताचा पेचकस नसेल तर स्क्रूंची तोंडे नासतात; तो उद्योग करू नये, आहे तसाच तेल लावावे. दस्ता चिरला असेल अथवा यंत्रास हात लावावयाचा असेल तर तो परवानाधारक कारागिराकडेच न्यावा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे परवान्यावाचून बंदुकीची दुरुस्ती धंदा म्हणून करणे गुन्हा आहे, आणि गावच्या सुताराला आपल्या दस्त्यापायी गोत्यात आणण्याचे कारण नाही.

निवडणुकीच्या काळात बंदूक ठाण्यात जमा करावी लागते असे अनेकदा घडते. तत्पूर्वी नळीस तेल देतो तसा दस्त्यासही एक हात देऊन, पुसून, पुरता सुकवून मगच ती पाठवावी. ओले तेल असलेला दस्ता कापडात गुंडाळला तर कापड त्यास चिकटून बसते. घरी ठेवताना मात्र बंदूक शक्य तर नळी खाली व दस्ता वर अशी टेकवावी, म्हणजे नळीचे तेल दस्त्याच्या गळ्यात उतरत नाही.