बॉल अंगठ्याने नको, कडीने तपासा

फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनच्या आयोजकांस,
मँचेस्टर, न्यू हॅम्पशायर



आपल्या स्पर्धेतला रोबो मैदानात उतरण्याआधी काट्यावर चढतो. २०२२ च्या ‘रॅपिड रिॲक्ट’ या खेळात बंपर आणि बॅटरी सोडून वजन १२५ पौंडांपुढे गेलं, की पोरं पाना घेऊन कुठली पट्टी काढता येईल ते शोधत बसायची. खेळातल्या बॉलच्या हवेकडेही तितक्याच काटेकोरपणे पाहावं, एवढंच मागणं आहे.

त्या वर्षीचे बॉल लाल आणि निळे, साडेनऊ इंच व्यासाचे, थोराड टेनिस बॉलच म्हणा ना. ते ८ फूट ८ इंच उंचीवरच्या हबमध्ये, म्हणजे गोल टोपलीत, टाकायचे होते. अनेक संघांची फेकणी एकाच धर्तीची: गरगर फिरणारं चाक, समोर वाकवलेला पत्रा आणि मधल्या फटीतून चेपून निघणारा बॉल. समजा, बॉल दीड इंच चेपला जातो. हवा कमी असल्याने तो पाव इंचाने बारीक निघाला, तर चेपण्यातला सहावा हिस्सा तिथेच गेला. वर मऊ बॉल चाकाला उलटा जोरही कमी देतो. पकड सैल पडते, वेग बदलतो आणि बॉल हबच्या काठावर आपटून परत येतो. प्रोग्रॅम लिहिणारी मुलगी मात्र रात्रभर आकडे बदलत राहते.

हवा कमी-जास्त होण्यात कुणाची लबाडी असावीच लागते असं नाही. ५ अंश सेल्सिअसच्या गोदामात भरलेला बॉल २५ अंशांच्या सभागृहात आला, की आतली हवा जवळजवळ सात टक्के जास्त जागा मागते. त्यात व्हॉल्व्ह गळका निघाला, तर उलटंच. घाईत पंप मारणारा माणूस अंगठ्याने दाबून बघतो आणि ‘चालेल’ म्हणतो.

अमेरिकेत बॉलमधली हवा २०१५ मध्ये थेट कोर्टात पोहोचली होती. अमेरिकन फुटबॉलपटू टॉम ब्रेडीवरच्या चार सामन्यांच्या बंदीचा तो वाद.

क्रिकेटच्या पंचांकडे यावर साधा उपाय आहे: दोन कड्यांचं माप. बॉल मोठ्या कडीतून जायला हवा, लहान कडीत अडकायला हवा. तशाच कड्या मैदानाशेजारी आणि सरावाच्या जागीही टांगाव्यात. बॉल सभागृहात तासभर ठेवून मगच मापावेत. मुंबईहून येणाऱ्या शालेय संघालाही घरी सराव करताना तेच माप वापरता येईल; प्लायवूड लेझरने कापून कड्या तयार होतात, नकाशा तेवढा आपण द्यावा.

आपला,
रोबोटिक्सचा एक मराठी प्रेक्षक